आतून कडी असलेली न्हाणी

फुलचूरच्या वाटेवरच्या एका राईस मिलमध्ये धान उकडत आणि बॉयलरचं उरलेलं गरम पाणी नालीत सोडून देत. ते मला बघवत नसे. स्वातंत्र्य नवं होतं, मीही नवा ओव्हरसियर होतो. मालकाच्या मागे लागून त्या पाण्यावर मजूर बायांसाठी न्हाणी बांधायचं काम मी मिळवलं.

नकाशा तीनदा काढला. गरम पाण्याचा नळ भिंतीच्या पोटातून नेला, म्हणजे थंडीत भिंतही ऊबदार राहील. कोणी डोकावू नये म्हणून उजेड छताजवळच्या झरोक्यांतून घेतला. सहा खोल्या, प्रत्येकीत एकीपुरती जागा आणि दाराला आतून कडी. त्या कडीचा मला फार अभिमान होता.

न्हाणी सुरू झाल्यावर आठवड्याने पाहतो तर खोल्या कोरड्या. बाया मिलमागच्या पाण्याच्या टाकीपाशी लुगड्यानिशी ओळीने बसलेल्या, एकीमागे एक, पुढच्या बाईची पाठ दगडाने घासत. धानाचा कोंडा पाठीवरच जास्त चिकटतो, हे माझ्या नकाशात नव्हतं.

"मग खोल्या कशाला बांधल्या?" मी लांबूनच ओरडलो.

त्यांतली एक वयस्क बाई मागे न बघता म्हणाली, "कडी लावली त पाठ कोन घासल जी?"

मधल्या भिंती पाडू, असं मालक म्हणाला. मी अडून बसलो. नकाशा बरोबरच होता.

आता म्हातारपणी माझ्या घरात तशीच न्हाणी आहे. रोज कडी लावतो. हात पाठीच्या मध्यापर्यंत पोचत नाही.