धानाच्या बांधीतली मुलाखत

उपटलेल्या धानाच्या रोपांचा हिरवा, ओला वास आला की मला मॅट्रिकच्या वर्गातला एक दिवस आठवतो. मुलींना पुढे काय करता येईल हे सांगायला एक ग्रामसेविका बाई सायकलवरून आमच्या शाळेत आल्या होत्या. ग्रामसेविकेच्या प्रशिक्षणाचा फॉर्म त्यांनी दाखवताच माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. सही मात्र वडिलांची हवी होती आणि वडील शेतात धानाची रोपं रोवण्यात गुंतलेले. शाळा सुटताच बाई माझ्याबरोबर थेट कामठ्याला, आमच्या शेतावर आल्या. "पोरीले नोकरी कायले?" वडील बांधीतल्या, धानाच्या वाफ्यातल्या पाण्यातूनच म्हणाले. बाईंनी सांगितलं, गावोगावच्या बायांना दोरी लावून ओळीत रोवायला शिकवायचं आहे, पीक जास्त येतं. "मंग करून दाखवा नं, बाई!" बाईंनी पदर खोचला, दोरी ताणली आणि चिखलात उतरल्या. त्यांनी लावलेली रोपं एकेक करून पाण्यावर आली. रोवणाऱ्या बाया खिदळल्या, "बाई, तुमचे धान तं पोहून राहिले!" बाईही हसल्या. "म्हणून तर ही मुलगी हवी," त्या वडिलांना म्हणाल्या. "दोरीचं मी शिकवीन, रोवायचा हात हिचा आहे." मी शाळेच्या कपड्यांनिशीच उडी मारली. बोटं चुकली नाहीत. बघता बघता अख्खी ओळ सरळ उभी राहिली. वडिलांनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, धोतराला हात पुसले आणि म्हणाले, "आण तो कागद." आता मीही ग्रामसेविका आहे आणि कुठल्याही मुलीला फॉर्म देण्याआधी तिच्या बापाचं शेत गाठते.