छतातलं पिल्लू आणि रेवाचं तिकीट

आई, त्या दुपारी तू इराला कडेवर घेऊन गच्चीवर गेलीस. "हिला पोपट दाखवते, तेवढ्यात तुम्ही निघा. रडारड नको, आणि मागे वळून बघू नकोस," म्हणालीस. इरा अकरा महिन्यांची होती. खाली टॅक्सीत बॅगा चढल्या होत्या, संदीप सारखं घड्याळ बघत होता. चिंचवडचा तो जिना मी चोरासारखी उतरले आणि वरून तिचं खिदळणं ऐकू आलं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

एक वर्ष म्हणता म्हणता अडीच झाली. कधी व्हिसा अडकला, कधी नोकरी. तू तिला घेऊन आलीस तेव्हा मेलबर्नच्या एअरपोर्टवर ती तुझ्या साडीच्या निऱ्या धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मोबाइलमधली मम्मी हीच का?" सगळे हसले. मीही हसले, काय करणार! तू परत गेल्यावर कितीतरी दिवस ती संध्याकाळी चपला घालून दाराशी बसायची. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

आता सांगतेय, कारण रेवाचं पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं होतं. रेवा आठ महिन्यांची झाली. माझी रजा संपतेय, चाइल्डकेअरची फी ऐकून डोकं गरगरतं, आणि "एकीला वाढवलं तशी दुसरीलाही वाढवीन" असं तू मोठ्या मनाने म्हणालीस. इथल्या माझ्या चार मैत्रिणींनी हेच केलंय. निघून आलेल्या आणि मागे राहिलेल्या आपण सगळ्यांनी हे इतक्यांदा केलंय, की आता कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. पण गेल्या महिन्यात आमच्या छतात जे झालं ते फोनवर सांगायला घेतलं की मी विषयच बदलते, म्हणून लिहून काढतेय.

मेलबर्नमधल्या क्लेटनचं आमचं घर जुनं, कौलारू, मागे थोराड निलगिरी. घेतलं तेव्हा किती मिरवलं होतं मी! थंडी पडली आणि वर कोणीतरी चालायला लागलं. उंदीर नाही गं, चांगली जड पावलं, रेवाच्या कॉटपासून किचनपर्यंत. मग खाकरणं, छाती भरलेला म्हातारा खाकरतो तसं. रेवाच्या खोलीच्या छतावर चहाच्या रंगाचा डाग उमटला आणि पसरत चालला. तिला झोपवताना मी कॉट डागाखालून बाजूला ओढायचे. व्हिडिओ कॉलवर तू तो आवाज ऐकलास आणि म्हणालीस, "वर भाडेकरू ठेवलाय का गं?"

पॉसम होता. मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा, दिवसा झोपणारा आणि अंधार पडला की बाहेर पडणारा. इथे त्याला मारता येत नाही, पकडायचा तर त्याचे कायदे आहेत. शेन नावाचा एक लायसन्सवाला माणूस आला. गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की आम्ही प्राण्यांना इजा न करता काढतो. संदीप म्हणाला, पकड आणि लांब कुठेतरी सोडून ये. शेनने नकारार्थी मान हलवली. पकडला तरी त्याच दिवशी, अंधार पडल्यावर, पन्नास मीटरच्या आतच सोडावा लागतो. लांब नेला तर परक्या जागी बाकीचे पॉसम त्याला टिकू देत नाहीत, बहुतेक मरतोच. हे तो चहा पिता पिता अगदी सहज म्हणाला.

त्याची पद्धत अशी, की आधी छतात शिरून पिल्लू आहे का ते बघायचं. मग भोकाला एकाच बाजूने उघडणारी झडप लावायची, तो बाहेर गेला की परत येऊ शकत नाही. नंतर सगळी भोकं बुजवायची, छताला टेकणाऱ्या फांद्या छाटायच्या, आणि झाडावर त्याच्यासाठी लाकडी खोका बांधायचा. सगळे मिळून चौदाशे डॉलर. संदीपने पंचावन्नने गुणलं. इथे पाच वर्षं झाली, पगार डॉलरमध्ये, भाजी डॉलरमध्ये, पण खर्च म्हटला की आमचं डोकं अजून रुपयांत चालतं. "सत्याहत्तर हजार! एका जनावराला घराबाहेर काढायचे? वेड लागलंय का?" शेनला नो वरीज, कळवतो म्हणून वाटेला लावलं.

शनिवारी अंधारून येताना पॉसम फांदीवरून निघून गेला. शेजारचा मनप्रीत शिडी घेऊन आला. "दो कील का काम है, भाई," म्हणाला. दोघांनी भोकावर पत्रा ठोकला. शिडी मी धरली होती, आई. संदीपला एकट्याला दोष देऊन मला सुटता येणार नाही.

रविवारी सकाळी छतातून बारीक चिकचिक यायला लागली. "पाइप असेल," संदीप म्हणाला. संध्याकाळी बाहेरून पत्र्यावर नखं घासल्याचा आवाज सुरू झाला. दात शिवशिवतील असा. आतून ती चिकचिक त्याला उत्तर द्यायची. इरा तिच्या बेडवर उभी राहून भिंतीला कान लावून होती. "मम्मी, देअर्स अ बेबी. इट्स मम कान्ट गेट इन."

मी लगेच शेनला फोन केला, तर तो मंगळवारशिवाय मोकळा नाही. पत्रा आम्हीच काढायचा म्हणून संदीप शिडीवर चढला, तर पॉसम अशी फिस्कारून अंगावर आली की तो पडता पडता वाचला. सोमवारी दिवसाही ती पत्र्याशीच बसून होती, संदीपला शिडी लावू देईना. पत्र्यावर नखं तशीच घासत होती, आतला आवाज मात्र बारीक होत चालला. मंगळवारी दुपारी तो थांबला. इरा शाळेत होती. मी खुर्चीवर चढून त्या डागाला तळवा लावून उभी राहिले आणि म्हटलं, मरू नकोस रे बाबा, ती घरी आली की मी तिला काय सांगू?

शेनने पत्रा बघितला. ओरडला नाही. आत कोण आहे ते बघायच्या आधीच बंद केलंत, एवढंच म्हणाला. कौलं काढून तो आत शिरला आणि मूठभर पिल्लू घेऊन आला. जिवंत होतं, पण गारठलेलं. त्याने झाडावर खोका बांधून ते त्यात ठेवलं. मी विचारलं, आई येईल का? "येईलही. पण तीन दिवस फार होतात," असं तो म्हणाला.

अंधार पडताना ती आली. पिल्लाला हुंगलं आणि दूर जाऊन बसली. पुन्हा आली, पुन्हा हुंगलं. पिल्लू हलेचना. शेवटी ते सरपटत तिच्या पाठीवर चढलं आणि ती झाडावर वर निघून गेली. "घेतलं बघ तिने, घेतलं!" मी टाळ्या पिटल्या. इरा वळली आणि घरात निघून गेली.

त्याच रात्री मी संदीपला सांगितलं, रेवा कुठेही जाणार नाही. त्याने सवयीने फोनवर गुणाकार सुरू केला, मग फोन उलटा ठेवला. "मी घरून कामाचे दिवस मागून घेतो," म्हणाला. तिकीट रद्द केलंय, आई. तुला वाईट वाटेल, तू खोली रंगवून घेतलीस. रागाव, पण मला समजून घे.

सकाळी दूध पिताना मी इराला ही बातमी दिली. वाटलं, उड्या मारेल. एरवी एका शब्दाचं उत्तर इंग्रजीत देणारी ही पोरगी, तू शिकवलेल्या स्वच्छ मराठीत म्हणाली, "मग मला का ठेवलं होतंस?"

व्हिसा, पैसे, नोकरी, सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही सहा वर्षांच्या मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. घर म्हणजे क्लेटन की चिंचवड, यावर मी मैत्रिणींशी तासन्‌तास बोललेय. आता एवढंच कळतं, की जिथे तिने मला हे विचारलं तिथून उत्तर दिल्याशिवाय मला हलता येणार नाही. ती रोज शाळेतून येते, बॅग ठेवते, रेवाला उचलून मांडीवर घेते आणि माझ्याकडे बघत बसते.