काळ्या फडक्यावरचा कापूस

माझ्या बोटांना एके काळी पगार मिळत असे. बाकीच्या माणसाचा तिथे फारसा उपयोग नव्हता. सत्तरच्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या एका कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होतो. रांगेतल्या बैलगाडीवर चढायचं, कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि तळातून मूठभर कापूस ओढून काढायचा. वरवरचा कापूस कुणीही साफ करून ठेवतो. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं: पहिली प्रत, दुसरी, तिसरी. मी सांगितलेलं चिठ्ठीवर चढलं की ते ब्रह्मवाक्य.

हे काम मी हिंगणघाटला एका म्हाताऱ्या जाणकाराकडून शिकलो. एक सरकी घ्यायची, तिला चिकटलेले तंतू बोटांनी दोन्ही बाजूंना विंचरायचे आणि ती काळ्या फडक्यावर ठेवायची. पाखरानं पंख उघडावेत तशी ती दिसते. पंख किती लांब, त्यावरून धागा लांब, मध्यम की आखूड ते ठरतं. चिमूटभर तंतू कानाजवळ नेऊन तोडायचे. कच्चा धागा गुपचूप तुटतो, पक्का थोडा आवाज करतो. किडीनं डागाळलेल्या, बोंडातच चिकटून राहिलेल्या कापसाला कवडी म्हणत. मूठभरात कवडी किती, ते बघायचं. नरम, खरबरीत, चमकदार, मेलेला, असे बरेच शब्द होते. म्हातारा ते एखाद्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसे वापरायचा. सहा महिन्यांनी त्यानं डोळे मिटून प्रत सांगायला लावली. मी पास झालो आणि तेव्हापासून मला माझ्या बोटांचा थोडा माज चढला.

खरं म्हणजे हात वापरायला मला त्याच्याही आधी माझ्या थोरल्या भावानं शिकवलं होतं. दादा गावी शेती करायचा. औजारांसाठी लाकूड तो स्वतः निवडायचा, सुतारावर सोडायचा नाही. एकदा जू करायचं म्हणून बाभळीचा ओंडका अंगणात आणून टाकला होता. साल काढलेल्या भागावर त्यानं माझा तळवा ठेवला.

"हात फिरव. लाकडाची रेषा कोणीकडं जाऊन राह्यली ते पाह्य."

मी हात फिरवला. अर्ध्यापर्यंत गुळगुळीत लागत होतं, मग मधेच बोटाला काहीतरी अडलं. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हतं. मला ओंडका फार आवडला होता, म्हणून मी "सरळ हाय" म्हणालो.

"हाताले काय लागलं?"

"थोडी आडवी गेली वाटते."

"मंग तेच सांग ना. हाताले लागलं ते सांगजो, डोक्यातलं नोको सांगू. बैल या लाकडाच्या भरवशावर ओढतात." तो ओंडका त्यानं सरपणात टाकला.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या हंगामात दादाचं वावर पहिल्यांदाच मनासारखं पिकलं होतं. दोन-तीन वर्षं त्यानं चांगलं बियाणं हुडकलं होतं, कवडीचं बोंड दिसलं की वेचणाऱ्या बायांना ते वेगळ्या ओटीत टाकायला लावलं होतं. गावात एक नंबरचा कापूस म्हणजे काय ते त्याला दाखवायचं होतं. पैशाचा फरक फार नव्हता. त्याला तो शब्द हवा होता, आणि तो चार माणसांसमोर उच्चारलेला हवा होता.

सीतादहीला, म्हणजे वेचणीच्या पहिल्या दिवशी, मी सुट्टी काढून गेलो होतो. वहिनीनं वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवला, पूजा केली आणि पहिलं बोंड वेचलं. मी खिशातून फडकं काढून तिथेच सरकी विंचरली. पंख असे काही उघडले की मलाच राहवलं नाही.

"दादा, एक नंबर! माह्या हातून असा कापूस गेलाच नाई."

दादा नुसता हसला. वहिनी म्हणाली, "मंग तिथं बी असंच सांगजा, भाऊजी. नाई तं सायेब झाल्यावर आमाले वळखानार नाई." वेचणाऱ्या बाया हसल्या. मीही हसलो.

महिन्याभरानं दादाची गाडी केंद्रावर आली. तिच्या पुढची गाडी आमच्याच गावच्या एका शेतकऱ्याची होती. त्याच्या कापसात कवडी निघाली, मी दुसरी प्रत सांगितली आणि ती बरोबर होती. त्यानं गाडी पुढे घेतली, स्वतः मात्र तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत तिथेच उभा राहिला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "आता भावाची गाडी हाय. पाहू काय निंगते ते."

रांगेतले सगळे पुढे सरकले.

मी दादाच्या गाडीवर चढलो. हात घातला. कापूस वरपासून तळापर्यंत एकसारखा होता, नरम, कोरडा, कुठेही काडीकचरा नाही. चिमूट ओढली तेव्हाच बोटांनी सांगून टाकलं होतं. सरकी विंचरायचीही गरज नव्हती आणि मी ती विंचरली नाही. माझ्या पाठीवर वीस-पंचवीस माणसांची नजर होती. ती मला कापसापेक्षा जास्त जाणवत होती.

"दुसरी," मी म्हणालो.

दादा जुवाजवळ उभा होता. तो शांतपणे मागे आला, गाडीतून कापसाचा एक पुंजका उचलला, सरकी मोकळी केली आणि सावकाश विंचरली. माझ्या खांद्यावरचं काळं फडकं ओढून त्यावर ती ठेवली. माणसं वाकून बघायला लागली. खर्रावालाही वाकला. "हे तं..." एवढं म्हणून तो थांबला. दादा फडक्याकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

मी अजूनही शब्द फिरवू शकलो असतो. चिठ्ठी कोरी होती.

"लिवा, साहेब," दादा म्हणाला.

मी लिहिलं. लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, थोड्याच वेळात बरंही वाटायला लागलं. चहाच्या टपरीवर माणसं सांगत होती, "सख्ख्या भावाले बी सोडलं नाई!" कडक आणि सरळ ग्रेडर म्हणून माझं नाव झालं ते त्या दिवसापासून. पुढच्या कित्येक वर्षांत माझ्या शब्दावर कुणी वाद घातला नाही. इतक्या गाड्या मी खऱ्याखुऱ्या पारखल्या, त्यांच्यामुळे मला ते नाव मिळालं नाही. ते मिळालं त्या एका खोट्या शब्दानं.

दादानं हा विषय कधी काढला नाही. घरी गेलो की तो मला पूर्वीसारखंच 'तू' म्हणायचा, निघताना तुरीची डाळ बांधून द्यायचा. फक्त पुढच्या हंगामापासून त्याची गाडी लांबच्या केंद्रावर जायला लागली. जाऊन यायला एक दिवस जास्त लागे. मी एकदा विचारलं, "इतक्या दूर काऊन जातं?" तो म्हणाला, "तिकडचा रस्ता बरा हाय." तो रस्ता मला माहीत होता. त्यात बैलाचा पाय मोडेल असे खड्डे होते.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी सिंदी मेघेला खोल्या घेऊन राहत होतो. पुतणीच्या कुंकवाला, म्हणजे साखरपुड्याला, गावी गेलो. अंगणात गावची बरीच माणसं बसली होती, खर्रावालाही होता. दादानं मला आतल्या खोलीत नेलं. लेकीसाठी केलेला सागाचा नवा पलंग तिथे होता. मी सवयीनं त्याच्या पाटीवरून हात फिरवला.

"रेषा सरळ हाय," मी म्हणालो.

"हाय." त्यानं कोपऱ्यातल्या ढिगावरची चादर बाजूला केली. तिच्या गादीसाठी राखून ठेवलेला घरचा कापूस होता, उद्या सरकी काढायला जिनात जायचा होता. "आन् हे?"

फडकं माझ्याकडे नव्हतं. मी सरकी विंचरून काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवली. पंख उघडले. इतक्या वर्षांनी बोटांनी पुन्हा तेच सांगितलं.

"एक नंबर, दादा," मी म्हणालो. "तवा बी एक नंबरच होता."

दादानं ती सरकी माझ्या बाहीवरून उचलली आणि परत ढिगात टाकली.

"आता ऐकाले कोणी नाई म्हणून सांगून राह्यला काय?"

दार उघडंच होतं. बाहेर माणसं होती, आणि मी आवाज खाली करून बोललो होतो.