वाकडा खिळा

धर्मेंद्र तायडेबरोबर बडनेऱ्याच्या बाजारात भाजी आणायला जाणं ही त्याच्या बायकोच्या, ज्योत्स्नाच्या मते एक शिक्षाच होती. रेल्वेत फिटर म्हणून सव्वीस वर्षं डब्यांच्या चाकांवर काम केलेला हा माणूस. वाकडं चाक दिसलं की त्याच्याने पुढे जाववत नसे. कुणाची हातगाडी लटपटताना दिसली की हा पिशवी ज्योत्स्नाच्या हातात देऊन तिथेच उकिडवा बसायचा. गाडीवाला म्हणायचा, "राहू द्या ना भाऊ, चालते ते." हा म्हणायचा, "चालते म्हनजे काय? लंगडतही चालतेच मानूस." आणि खिशातला पाना बाहेर काढायचा. एकदा तर मेव्हण्याच्या लग्नात त्याने आइस्क्रीमच्या गाडीचं चाक ठीक करून दिलं आणि तोवर आइस्क्रीम संपलं. ज्योत्स्ना ते अजून ऐकवते.

असा माणूस शर्यतीचा तपासनीस झाला यात नवल काहीच नव्हतं. शर्यत म्हणजे लाकडी गाड्यांची. कॉलनीतले उत्तमराव गुरुजी शाळेतून निवृत्त झाले आणि घरात बसून बसून कंटाळले, तेव्हा त्यांनी ती सुरू केली. दर जानेवारीत, कॉलनीच्या सभागृहात. आई नाहीतर बाप आणि एक पोर, अशी जोडी. प्रत्येक जोडीला सागवानाचा एकाच मापाचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाकं आणि चार खिळे. खिळा हाच चाकाचा आस. मोठ्यांनी फक्त करवत चालवायची, तीही पोरांची बोटं शाबूत राहावीत म्हणून. घासणं, भोकं पाडणं, खिळे ठोकणं, रंग देणं, सगळं पोरांच्या हातचं. गाडीला इंजिन नाही, सेल नाही. तीस फुटांच्या लाकडी उतारावर वरून सोडायची. उतारावर शेजारी शेजारी तीन वाटा, आणि प्रत्येक वाटेच्या मधोमध एक बारीक पट्टी, म्हणजे गाडीची चाकं त्या पट्टीच्या दोन्ही बाजूंनी धावतात आणि गाडी वाट सोडत नाही. जी आधी खाली पोचेल ती जिंकली. पहिल्या दोन गाड्या पुढच्या रविवारी अकोल्याच्या मोठ्या शर्यतीला जातात.

आता पोरांच्या हातचं काम कोणतं आणि बापाच्या हातचं कोणतं, हे ओळखायचं कसं? बाप लोक शपथेवर खोटं बोलतात, हे पहिल्याच वर्षी सगळ्यांच्या ध्यानात आलं. तेव्हा धर्मेंद्रने एक रीत काढली. शर्यतीच्या दिवशी टेबलावर गाडी ठेवायची, बापाने चार पावलं मागे उभं राहायचं, आणि पोराने धर्मेंद्रसमोर पुढच्या डाव्या चाकाचा खिळा काढून, चाक उतरवून, परत बसवून दाखवायचं. ज्याने गाडी केली त्याला पाच मिनिटं लागतात. ज्याने केली नाही त्याला पकड कुठून धरायची हेही कळत नाही. साधी रीत होती, पण तिने कॉलनीतल्या निम्म्या बापांची झोप उडवली.

मागच्या वर्षी तिच्यात योगेश अडकला. योगेश भाजीवाला, अमरावती रस्त्याला त्याची दीड एकर वाडी, बाजारात ठरलेली जागा. त्याचा मुलगा जीवन दहा वर्षांचा. गाडी अशी देखणी होती की उत्तमराव गुरुजींनी चष्मा पुसून पाहिली. पण जीवनच्या हातात पकड दिली आणि त्याचा चेहरा रडवेला झाला. योगेश पुढे आला. म्हणाला, "दहा मिनिटं द्या. पोट्टा शिकते आत्ता. मी दाखोतो त्याले."

"शिकून यायचं असते," धर्मेंद्र म्हणाला. "अटी साऱ्याइले सारख्या." आणि वहीत जीवनच्या नावापुढे 'बाद' लिहिलं. तेव्हापासून योगेश त्याला भाजी तोलून देतो, वर कोथिंबीरही टाकतो, पण बोलत नाही.

या वर्षी धर्मेंद्रची पोरगी संबोधी दहा वर्षांची झाली, म्हणजे शर्यतीला बसण्याजोगी. तो उत्तमराव गुरुजींकडे गेला आणि म्हणाला, या साली तपासनीस दुसरा पाहा. गुरुजी म्हणाले, "तुह्यावर कोनी बोट ठेवलं आजपर्यंत? तूच बस." खरं सांगायचं तर हे ऐकून त्याला आतून बरंच वाटलं. आपण सरळ माणूस आहोत याचा त्याला अभिमान होता, आणि तो त्याने कधी लपवला नाही.

संबोधीसाठी त्याने ठोकळ्यावर करवत चालवली आणि हात झटकून बाजूला झाला. पोरगी महिनाभर मागच्या अंगणात बसून काम करायची. हा ड्युटीवरून यायचा तेव्हा ती घासत असायची, नाहीतर पेन्सिलीच्या शिसाची पूड करून खिळ्यांना चोळत असायची. एका फळीवर पट्टी ठोकून तिने आपल्यापुरता उतारही केला होता. काय करतेस म्हणून विचारलं तर "करून राहिली ना" एवढंच उत्तर. बापासारखीच होती, तोंडाने कमी आणि हाताने जास्त. अकोल्याला जायचं हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं आणि जाताना कोणता फ्रॉक घालायचा तेही.

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत गाड्या गुरुजींकडे जमा करायच्या होत्या, म्हणजे मग कुणाला हात लावता येत नाही. संबोधीचा क्लास नेमका त्याच वेळेला. तिने गाडी बुटाच्या खोक्यात कापसावर ठेवली, वर नाव लिहिलं आणि शाळेत जाताना बापाला सांगितलं, "बाबा, तुमी नेऊन देजा. उघडू नका."

धर्मेंद्र तीन वाजता घरी आला. ज्योत्स्ना बहिणीकडे गेली होती. त्याने चहा केला, प्यायला, कप विसळून ठेवला. मग खोका उघडला. फक्त पाहायचं म्हणून. गाडी सुरेख होती, निळी, कडा गुळगुळीत, कुठे फट नाही. त्याने ती फरशीवर ठेवून हलकेच ढकलली. गाडी दोन फूट सरळ गेली आणि मग डावीकडे वळली. त्याने परत ढकलली. परत डावीकडे. पुढच्या डाव्या चाकाचा खिळा किंचित वाकडा होता.

महिनाभर राबली पोरगी आणि एवढ्याशा खिळ्यापायी मागे पडणार. त्याने पकड घेतली, खिळा काढला, ऐरणीवर दोन हलके ठोके दिले, काचेवर फिरवून पाहिला, परत बसवला. दोन मिनिटांचं काम. आता गाडी भिंतीपर्यंत नाकासमोर गेली. खोका बंद करून तो गुरुजींकडे निघाला. वाटेत त्याला एकदा वाटलं की आपण हे काय केलं. पण खिळा तिचाच, चाक तिचंच, आपण काय नवीन घातलं, असं त्याने स्वतःला समजावलं आणि खोका देऊन पावती घेतली. दुसऱ्या पोराचा बाप हेच बोलला असता तर धर्मेंद्रने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

रविवारी सभागृह भरलं. एकवीस गाड्या होत्या. धर्मेंद्र टेबलामागे वही घेऊन बसला. सातवा नंबर संबोधीचा. तिच्या मागे जीवन, आणि चार पावलांवर योगेश. धर्मेंद्रने गुरुजींना म्हटलं, हिची तपासणी तुम्ही घ्या. तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा योगेश त्याच्याशी बोलला. "तुमीच घ्या. आमचीही तुमीच घेतली होती."

संबोधीने पकड घेतली आणि खिळा अलगद ओढून काढला. चाक उतरवलं. हे सगळं मिनिटभरात. मग खिळा परत बसवण्याआधी ती थांबली. तिने तो डोळ्यांसमोर धरला. टेबलावर ठेवून बोटाने लोटला. तो सुतासारखा सरळ गेला आणि वहीला टेकला.

"बाबा, हा खिळा सरळ हाय," ती म्हणाली.

"मंग?"

"मी वाकडा केला होता. मुद्दाम. सरळ असला का गाडी पट्टीच्या या बाजूले आदळते, मंग त्या बाजूले आदळते, अन् धीमी होते. एक चाक जरासं वाकडं असलं का ती पट्टीले टेकून एकाच बाजूनं जाते, आदळत नाई. मी चाळीस वेळा करून पाह्यलं. वहीत लिवलं हाय."

सव्वीस वर्षं धर्मेंद्रने आस सरळ केले होते. वाकडा आस कुणी विचार करून ठेवील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पोरीने ते अंगणात बसून, त्याला न विचारता, शोधून काढलं होतं. त्याला अभिमान वाटला आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कोनं सरळ केला?" तिने विचारलं. तिने त्याच्याकडे बघून विचारलं नव्हतं. ती गुरुजींकडे बघत होती. खोका दोन दिवस त्यांच्याकडे होता. गुरुजी गोंधळले. एवढी वर्षं कुलूप लावून गाड्या सांभाळणारा म्हातारा माणूस, त्याच्यावर पोरांच्या नजरा गेल्या.

गप्प बसणं सोपं होतं. घरात त्या दुपारी कुणी नव्हतं. खोक्यात हलून सरळ झाला असेल म्हटलं असतं तरी पोरांनी मान डोलावली असती. धर्मेंद्रच्या ओठांवर ते वाक्य आलंही होतं.

"मी केला," तो म्हणाला. "शुक्रवारी. तू शाळेत होती तवा."

सभागृहात मागे कुणीतरी खोकलं. योगेश दोन पावलं पुढे आला. तो आता उट्टं काढणार असं सगळ्यांनाच वाटलं. तो म्हणाला, "दहा मिनिटं द्या पोरीले. तिची गाडी, तिचाच खिळा. वाकवून घेते ते परत."

तेवढ्यात जीवन म्हणाला, "मागच्या साली मले नोते देले."

"चूप बस," योगेश म्हणाला.

"नाई, खरं बोलून राहिला तो," धर्मेंद्र म्हणाला. त्याने वही पुढे ओढली. संबोधीकडे पाहायची त्याला हिंमत झाली नाही. सातव्या नंबरापुढे त्याने 'बाद' लिहिलं, खाली सही केली आणि पेन योगेशच्या हातात दिलं. "आता तुमी बसा हिथं. माह्यानं नाई होत."

संबोधी रडली नाही. तिने चाक बसवलं, गाडी खोक्यात ठेवली आणि आईजवळ जाऊन बसली. शर्यत झाली. जीवनने या वेळी गुरुजींसमोर चाक साडेतीन मिनिटांत काढून बसवलं होतं. त्याची गाडी दुसरी आली. निळ्या गाडीचं नाव नंतर कुणी काढलं नाही. बापाला चार लोक येऊन सांगून गेले की तुम्ही खरं बोललात, मोठं मन दाखवलंत. त्याला ते ऐकवत नव्हतं. खरं बोलून त्याची सुटका झाली होती, पण अकोला पोरीचं गेलं होतं.

घरी आल्यावर तिने एकच विचारलं. "तुमी मले काहून नाई विचारलं?"

त्याला वाटलं होतं की खिळा वाकडा आहे म्हणजे चूकच आहे, आणि पोरीची आहे म्हणजे नजरचूक आहे. हे तोंडाने सांगितलं असतं तर आणखी वाईट दिसलं असतं. तो म्हणाला, "चुकलं माह्यं." ती "हो" म्हणाली आणि हात-पाय धुवायला गेली. पुढचे पाच दिवस ती त्याच्याशी गरजेपुरतंच बोलली. पाणी पाहिजे का, फोन आला, एवढंच. ज्योत्स्नानेही मध्यस्थी केली नाही. तिचं म्हणणं, आइस्क्रीमचं मी अजून सोडलं नाही, पोरगी हे कशाला सोडेल.

शनिवारी दुपारी दारात जीवन उभा. हातात गाडी, काखेत पिशवी, पिशवीत बापाने पाठवलेली वांगी. तो संबोधीला म्हणाला, "उद्या अकोल्याले जायचं हाय, तूही चाल. ते वाकडं चाक कसं करतात, मले सांगतं का? माह्याच हातानं करीन, तू हात नको लावू."

संबोधीने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. मग अंगणातली फळी ओढली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. "पकड खिळ्याच्या मधात धर. नाई, डोक्याजवळ नाई. मधात. आता जरासंच दाब."

धर्मेंद्र बाजेवर बसून पाहत होता. जीवनने दाबलं ते जास्त दाबलं. गाडी पट्टीवर चढून पडली. तिने सांगितलं, सरळ कर, परत कर. दुसऱ्या वेळी कमी पडलं. तिसऱ्या वेळी खिळा चुकीच्या बाजूला वाकला, आणि ते धर्मेंद्रला बाजेवरूनच दिसलं. पोराचा अंगठा चुकीच्या जागी होता, बस, एवढंच. बोटभर सरकवला की झालं. त्याचे हात शिवशिवायला लागले. तो अर्धा उठला. चुलीपाशी बसलेल्या ज्योत्स्नाने मान वर केली. तो परत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

चौथ्या वेळी जीवनने अंगठा आपणहून सरकवला. गाडी पट्टीला टेकली आणि न आदळता फळीच्या टोकापर्यंत गेली. जीवन हसला. संबोधीने मागे वळून पाहिलं नाही.

"बाबा, तुमचे हात कुठं हायेत?" तिने विचारलं.

"मांडीखाली."

"तिथंच ठेवा," ती म्हणाली. "अन् उद्या आमच्यासंगं अकोल्याले चाला."