दमयंतीकाकूंचं शेवाळ

दमयंतीकाकू म्हणजे इथे परदेशात, फ्लॅट बुश उपनगरातल्या आमच्या शेजारीण. पुण्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, रिटायर झाल्यावर मुलाकडे, नीलकडे आल्या. येताना लोणची-पापड नाही, मायक्रोस्कोप आणला! डायनिंग टेबलावर डबक्यांचं पाणी. सून कपाळाला हात लावून बसायची.

२०१६ साली हॅमिल्टनपलीकडच्या दलदलीतल्या एका थेंबात त्यांना डेस्मिड दिसलं. डेस्मिड म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, एकाच पेशीचं हिरवं शेवाळ. पण हे होतं रिकामं कवच. युनिव्हर्सिटीतल्या तज्ज्ञाने कळवलं, फार दुर्मिळ दिसतंय, पण कवच बदकाच्या पायाला चिकटूनही आलं असेल. जिवंत पेशी दाखवा, मग नाव नक्की करू. झालं, काकूंनी ध्यासच घेतला. त्यात शेतमालक लवकरच दलदल कोरडी करणार होता. मग गाडी कुणी चालवायची? श्यामलाने. म्हणजे मी. दुसरं कोण रिकामटेकडं आहे!

आम्ही दलदलीत पोचलो तर भर दुपारी धुकं होतं. एकही पक्षी ओरडत नव्हता. तिथली जमीन पाण्यावर अंथरलेल्या गादीसारखी, इथे पाय टाकला की तिथलं गवत हलतं. काकू गुडघे टेकून स्पंजासारखं ओलं मॉस बरणीत पिळत होत्या, मी नुसती उभी. आणि जमीन हलली. थांबली. पुन्हा हलली, कुणीतरी जड पावलांनी आमच्याकडे यावं तशी.

"कोण आहे?" मी ओरडले. बघते तर डबक्याचं पाणी खाली चाललेलं! काठाचा चिखल डोळ्यांदेखत उघडा पडत होता.

"काकू, चला हो इथून!"

"थांब गं, अजून एक मूठ."

परत येताना उलगडा झाला. कुरणापलीकडे मालकाचं डिगर मशीन चर खणत होतं, त्याच्याच धक्क्यांनी जमीन हलत होती आणि डबकं त्या चरात वाहून जात होतं. भूत नव्हतं म्हणून मला हायसं वाटलं. काकू मात्र बरणी छातीशी धरून गाडीत हमसून हमसून रडल्या.

त्या पाण्यात जिवंत पेशी सापडल्या. नाव पक्कं झालं. तज्ज्ञाने अभिनंदन केलं, डबकं बघायला कधी येऊ म्हणून विचारलं. काकूंनी कळवलं, डबकं नाही, बरणी आहे.

ती बरणी त्यांच्या खिडकीत असते. नळाचं पाणी चालत नाही, पावसाचंच घालतात. बरणी फिरवून ठेवली की आतला हिरवा थर हळूहळू सरकत पुन्हा खिडकीकडे येतो. पेशी उजेडाकडे जातात गं, काकू म्हणतात. जात असतील, पण माझ्या अंगावर काटा येतो तो येतोच.

गेल्या वर्षी नीलने त्यांचं पुण्याचं तिकीट काढलं. धाकटी बहीण अंथरुणाला खिळली होती, रोज वाट बघत होती. काकूंनी तिकीट रद्द करायला लावलं. मी भडकले.

"अहो, शेवाळासाठी सख्ख्या बहिणीला भेटणार नाही? मी बघते की बरणीकडे!"

"तू तिला हातसुद्धा लावत नाहीस," काकू म्हणाल्या. "आणि बहिणीजवळ माणसं आहेत, श्यामला."

मग त्या पावसाचं पाणी आणायला मागच्या दारी गेल्या.