समजूत घालणाऱ्या उर्मिलाबाई

उर्मिलाबाई विजयकर गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातल्या. सत्तावन्न साली परळच्या एका गिरणीत त्या कामगारांची गाऱ्हाणी ऐकायला बसत आणि मी त्यांची कारकून. माणसं रडत यायची, बाईंशी बोलून शांत होऊन जायची. मालकांना तेवढंच हवं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कसलं कळतंय!

त्रासनात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, कुशाबा दहा वर्षं राबत होता. आदल्याच वर्षी तो बौद्ध झालेला. माग चालवायला तो बघून बघून शिकला होता आणि त्याला विणकामाच्या खात्यात जायचं होतं. पण तिथे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं की नवा धागा भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला पाळीपाळीनं दोघातिघांची तोंडं लागत. म्हणून कुशाबाच्या जातीला तिथे मज्जाव. कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं हं, पण होता.

बाईंनी धावाधाव केली, खोटं कशाला बोलू? मॅनेजर म्हणाले, विणकर तयार असतील तर आमची ना नाही. विणकरांचा पुढारी लवू. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्याचं डोकं फुटलं, तेव्हा कुशाबानंच त्याला पाठीवर घेऊन इस्पितळात नेलं होतं. लवू बाईंना म्हणाला, कुशाबा माझा भाऊच, पण धोट्याचं तेवढं बोलू नका, पोरं माग बंद ठेवतील. बाई चहा पिऊन परत आल्या. असा संताप आला मला! एवढी शिकलेली बाई, त्याला एक शब्द सुनावायला काय झालं होतं?

मग कुशाबाला पुन्हा बोलावलं. थोडा धीर धरा, लोक हळूहळू बदलतात, असं बाई त्याला सांगत राहिल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, चार वेळा तुम्ही माझीच समजूत घातलीत," तो म्हणाला. "लवूची एकदा तरी घातलीत का?"

बाईंचे डोळे भरले. संध्याकाळी वर अहवाल जायचा होता. त्यात 'समजूत पटली' असं नसलं, तर बाईंच्या जागी दुसरं कुणी येणार, हे त्यालाही ठाऊक होतं.

"लिहा, पटली म्हणून," कुशाबा म्हणाला. "उगाच तुमची नोकरी नको जायला."

बाईंनी लिहिलं. खाली शिक्का मी मारला.