सासरेबुवांची नेहमीची तपासणी

आयुष्यातली चौदा वर्षं मी एका अशा पुरुषाबरोबर काढली, ज्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही. हे वाक्य मी घरात म्हटलं की नवरा चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे बघतो. बघू दे. त्याला सगळं माहीत आहे.

नगरला सावेडीच्या बाजूला, औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. गावाचं नाव आता बदललं आहे, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं. आम्ही बारा-तेरा बायका तिथे कानाला हेडफोन लावून बसायचो. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासला की त्याची हकीकत यंत्रापुढे बोलून ठेवायचे, ती फाईल सकाळी आमच्याकडे यायची आणि आम्ही ऐकून ती टाइप करायचो. प्रत्येकीच्या पायाखाली एक पेडल असे. ते दाबलं की डॉक्टर बोलायचा, पाय उचलला की गप्प. असा आज्ञाधारक पुरुष आमच्यापैकी कुणालाच घरी मिळाला नव्हता, त्यामुळे नोकरी सगळ्यांना आवडायची.

माझ्या वाट्याला एक म्हातारे डॉक्टर आले. बोलायला सुरुवात करण्याआधी ते असे काही खाकरायचे की बसल्या जागी माझी पाठ ताठ व्हायची, हात ओढणीकडे जायचा. शेजारची मैत्रीण ते पाहून म्हणाली, "सावर गं, सासरेबुवा आले." तेच नाव पडलं. माझे खरे सासरे फार शांत होते, बिचारे कधी खाकरले नाहीत.

त्यांचा आवाज कानात सुरू झाला की मी नगरमध्ये नसायचे. त्यांच्या खोलीत भिंतीवर घड्याळ होतं. त्यांची खुर्ची मागे रेलली की करकरायची. हिवाळ्यात त्यांच्या खिडकीखाली कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत असायचं, सावकाश, थांबून थांबून. इकडे बाहेर एप्रिलचं ऊन, लष्कराच्या मैदानावर सरावाचे बार, त्याने थरथरणारी खिडकीची तावदानं, आणि मी मात्र त्या बर्फाचा आवाज ऐकत टाइप करतेय. एकदोनदा माझे पाय खरोखर गार पडले होते. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पंखा बंद केला असता.

ते इंग्रजीत बोलायचे, पण हळूहळू ते माझ्या कानात मराठीच होऊन उतरायला लागलं. त्यांचे पेशंटही ओळखीचे झाले. एक बाई होती, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. तिला साखरेचा आजार होता. ती दर काही महिन्यांनी यायची, आणि तिच्याबद्दल बोलताना सासरेबुवांच्या आवाजात थोडं हसू यायचं. पथ्य पाळत नाही, असं ते म्हणायचे आणि लगेच तिच्या नातवंडांचं काहीतरी सांगायचे. त्यातलं नातवंडांचं मी टाइप करत नसे, पण ऐकायचे मन लावून.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. निरोगी भागाची तपासणी डॉक्टर पुन्हा पुन्हा बोलत बसत नाही. छाती साफ, पोट मऊ, दोन्ही पायांची कातडी शाबूत, नाडी लागते, असा त्याचा एक ठरलेला परिच्छेद असतो. डॉक्टर नुसतं म्हणतो, "तपासणी नेहमीची," आणि टाइप करणारी तो परिच्छेद तिथे घालते. मी त्यासाठी दोन अक्षरं ठरवून ठेवली होती. ती दाबली की सात ओळी आपोआप पडायच्या. वेगळं काही असेल तर सासरेबुवा पुढे जोडायचे: नेहमीची, फक्त उजवा घोटा जरा सुजलाय. मग मी तेवढं बदलायची. विश्वासाचा मामला होता. ते अर्धं बोलायचे, उरलेलं मी पुरं करायची, आणि मला त्याचा गर्व होता. तो गर्व मी लपवतही नसे.

मग बोलणं ऐकून स्वतःच लिहिणारं सॉफ्टवेअर आलं. सुरुवातीला त्याचे प्रताप पाहून आम्ही हसून लोळायचो. वर्षभरात हसणं कमी झालं आणि खुर्च्याही कमी झाल्या. यंत्र लिहून देणार, आम्ही फक्त वाचून दुरुस्त करणार, असं ठरलं. एक मैत्रीण शाळेत लागली, एकीने शिकवण्या सुरू केल्या, ऑफिसचा मजला कुणा क्लासवाल्याने घेतला, आणि मी घरी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडून बसले. आमच्या मॅडम, ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्या आता फक्त फोनवर. सासरेबुवांच्या खाकरण्यापुढे मात्र यंत्राने बरेच दिवस हात टेकले होते, म्हणून ते माझ्याकडे पहिल्यासारखेच येत राहिले. मनातून मला बरं वाटायचं. म्हटलं, बघा, आमचं माणूस कसं अडेल आहे.

पण यंत्र शिकतं. एका सकाळी त्यांचीही फाईल आधीच लिहून आलेली आली. बसवाल्या बाईचीच होती. पडद्यावर एवढंच होतं: साखर वाढलेली. बाई म्हणते, बूट डाव्या टाचेला चावतो. तपासणी नेहमीची. गोळ्या त्याच. तीन महिन्यांनी यावं.

पुढे सगळी पांढरी जागा.

माझी बोटं सवयीने ती दोन अक्षरं दाबायला गेली आणि तिथेच थांबली. टाच दुखतेय म्हणून बाई सांगतेय, आणि पायांची तपासणी नेहमीची? मी हेडफोन लावला. यंत्राने एक गोष्ट गाळली होती. 'तपासणी' म्हटल्यावर सासरेबुवा थांबले होते. घड्याळ चालू होतं. बराच वेळ चालू होतं. माणूस एखाद्या खोलीत जातो आणि कशाला आलो ते विसरून उभा राहतो, तसे ते तिथे उभे होते. मग म्हणाले, "नेहमीची."

त्यांच्या मागच्या तीन महिन्यांच्या फाईली साठवलेल्या होत्या. दिवसभर मी त्याच ऐकल्या. डाळ करपली, नवऱ्याने तशीच वाढून घेतली. प्रत्येक फाईलमध्ये ते थांबत होते आणि मग "नेहमीची" म्हणून सुटत होते. "फक्त उजवा घोटा" वगैरे जोडणं कधीच बंद पडलं होतं. ते कधी बंद झालं हे मला कळलंच नव्हतं, कारण त्यांनी न बोललेला परिच्छेद मला त्यांच्याच आवाजात ऐकू यायचा. खरंच ऐकू यायचा. या सगळ्या काळात मी अर्धवट झोपेत होते आणि झोपेत दोघांचं काम करत होते.

बसवाली बाई त्या तीन महिन्यांत एकदा येऊन गेली होती. तेव्हाही ती बुटाबद्दल बोलली होती. तेव्हाही "नेहमीची". आणि त्याखाली माझ्या हातच्या सात ओळी. जिला मी कधी पाहिलं नाही, तिच्या दोन्ही पायांची कातडी शाबूत आहे, असं मी नगरमध्ये बसून लिहून दिलं होतं. साखरेच्या माणसाची टाच सडायला किती वेळ लागतो हे इतकी वर्षं टाइप करून मला पाठ होतं.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, शेरा मारून फाईल परत पाठवलीस तर ती थेट तिकडच्या दवाखान्याच्या व्यवस्थापकाकडे जाते. एकदा गेली की मागे घेता येत नाही. डॉक्टरांचं वय बघ. ते त्यांना बसवतील घरी."

"आणि नाही पाठवली तर?"

"तर काही नाही. तू परिच्छेद टाक, सगळे टाकतात. आणि हेही लक्षात घे, जुन्या फाईली काढल्या तर तुझ्या त्या ओळी निघतील. हातचं काम जाईल."

मी म्हटलं, विचार करते. विचार कसला करणार होते? मला तो आवाज हवा होता, एवढंच खरं. सकाळी उठून तो खाकरलेला आवाज कानात नसेल तर दिवसाचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाची अब्रू वगैरे मी मनाला सांगत होते, पण आत हेच होतं.

संध्याकाळी तिसगावहून आईचा फोन आला. ती शेतातली बाई, माझं काम तिला अजून उमगलेलं नाही. मी दवाखान्यात नर्स आहे असं ती गावात सांगते. मी तिला सगळं सांगितलं, डॉक्टर, बाई, टाच.

मग ती म्हणाली, "त्या बाईचा पाय कुनी उचलून बघितला का न्हाई?"

"तेच तर कळत नाही, आई."

"मग लिवलं कसं तुमी? तुझा बाप घोडेगावच्या बाजारात बैल बघाया जायचा. समोरचा किती का वळखीचा असंना, चारी पाय उचलून बघितल्याबिगर दावनीला बैल आनला न्हाई त्यानं. बैल काय सांगतो व्हय, माझा खूर दुखतोय म्हनून? आन् ही बाई तर तोंडानं सांगून ऱ्हायली."

"पण डॉक्टर चांगले आहेत गं. लई चांगले. त्यांचं काम जाईल."

"चांगलं हाय तर त्यालाच इचार की. त्याला काय पाय उचलाया लाज वाटंल?" मग तिने विषय बदलून ज्वारीच्या कणसांवर बसणाऱ्या पाखरांना शिव्या घातल्या आणि फोन ठेवला.

मी त्याच रात्री फाईल परत पाठवली. परिच्छेद टाकला नाही. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं की रुग्ण डाव्या टाचेची तक्रार करते आहे, टाचेची तपासणी सांगितलेली नाही, कृपया पाय पाहावा. खाली आणखी लिहिलं की तिच्या मागच्या भेटीच्या कागदावरची तपासणीसुद्धा डॉक्टरांनी सांगितलेली नसून टाइप करणारीने नेहमीच्या मजकुरातून घातलेली आहे. टाइप करणारी म्हणजे मी. मग पाठवायचं बटण दाबलं.

पुढचे दिवस विचित्र गेले. इतर डॉक्टरांच्या फाईली येत होत्या, तरुण, भरभर बोलणारे, यंत्राला आवडणारे. त्यांच्या मागे घड्याळ नव्हतं, खुर्ची नव्हती, काहीच नव्हतं. मी दुरुस्त करत बसायची आणि दुपारी टेबलावरच डोळा लागायचा. डुलकीत फावड्याचा आवाज यायचा, जाग आली की खाली रस्त्यावर कुणीतरी वाळू ओढत असायचं. मला त्यांची इतकी आठवण यायची की माझी मलाच लाज वाटायची. माहेरचं माणूस गेल्यावर येते तशी आठवण यायची. मॅडमनी एकदा मेसेज पाठवला की अजून तरी काम काढून घेतलेलं नाही.

दहाव्या दिवशी यादीत त्यांची फाईल दिसली. बसवाली बाईच. यंत्राने लिहून ठेवलेलं होतं, पण मी वाचलं नाही. हेडफोन लावला, पेडलवर पाय ठेवला.

खाकरले. माझी पाठ ताठ झाली.

मग त्यांनी पायांची तपासणी सांगितली. पूर्ण. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी परीक्षकापुढे सांगतो तशी, बोटांपासून सुरुवात करून, एकेका बोटाची, एकेका नखाची. मध्येच अडकायचे, खुर्ची करकरायची, शब्द सापडेपर्यंत थांबायचे आणि मग तोच शब्द घ्यायचे, दुसरा नाही. डाव्या टाचेवर जखम. लांबी इतकी, रुंदी इतकी, कडा लाल, तळाशी मांस दिसतं, हाडापर्यंत गेलेली नाही. नाडी मंद, पण लागते. पाय वाचेल. "पाय वाचेल" हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मला वाटलं संपलं. पण घड्याळ चालू होतं. मग ते वेगळ्याच आवाजात बोलले, कागदासाठी नसलेल्या.

"हे लिहिणाऱ्या माणसासाठी," ते म्हणाले. "कागद परत पाठवलास, बरं केलंस. दोन दिवस मी तुझ्यावर रागावून होतो. उद्यापासून या खोलीत दुसरी डॉक्टर बसेल. इतकी वर्षं माझं अर्धं बोलणं तू पुरं करत होतीस, आणि मला वाटत होतं की मीच बोलतोय."

खुर्ची करकरली. फाईल संपली.

मी पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा ऐकलं. किती वेळा ते सांगत नाही. रडले, भरपूर रडले, नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

मग पडद्याकडे पाहिलं. यंत्राला कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही. त्याने ती सगळी वाक्यं जखमेच्या खालीच, तपासणीचा भाग म्हणून, स्वच्छ लिहून ठेवली होती. डॉक्टर टाइप करणाऱ्याला उद्देशून जे बोलतो ते रुग्णाच्या कागदावर ठेवायचं नसतं. चौदा वर्षांत ते माझ्याशी एवढंच बोलले होते. मी ती वाक्यं निवडली आणि काढून टाकली. बाईच्या कागदावर तिची टाच तेवढी राहिली.